भिंतीलगतची जागा

दुपारचे दोन वाजले होते. बाहेर कट्ट्यावर ठेवलेला थर्मामीटर पंचेचाळीस दाखवत होता.

"आत किती भरेल, मॅडम?" रावजीने विचारलं.

"जासिमसाहेब आले की त्यांच्यासमोरच बघू," भक्ती म्हणाली. "नाहीतर म्हणतील, मॅडमने आकडे जुळवले."

मुहर्रकमधल्या या दवाखान्याचा नकाशा भक्तीचा, भिंती रावजीच्या. एसी कमीत कमी लागावा म्हणून दुहेरी भिंत, मध्ये पोकळी, पश्चिमेला दगडी जाळी, आतून चुन्याचा गिलावा. काम अर्धं झालं होतं. उरलेल्या अर्ध्याला मालक जासिमसाहेबांना काच हवी होती. आज ते शेवटचं सांगायला येणार होते.

रावजी गुहागरचा. सव्वीस वर्षं बहारीनमध्ये गवंडीकाम करत होता, पण असं काम त्याला इथे पहिल्यांदाच मिळालं होतं. चुना नीट मुरला नाही म्हणून त्याने एक अख्खी भिंत खरवडून पुन्हा केली होती. टोळीतली माणसं चार दिवस त्याच्याशी बोलत नव्हती.

साहेबांची गाडी आली. उतरताच त्यांनी रुमालाने मान पुसली. "यल्ला, जल्दी दिखाओ. ग्लास का ऑर्डर आज देना है."

उन्हाळ्यात बारा ते चार बाहेरचं काम बंद असतं. तेवढा वेळ कामगार रस्त्याकडेच्या एसी बसमध्ये बसून राहतात. बस चालू होती, पण आत फक्त ड्रायव्हर प्रवीण होता.

"माणसं कुठे गेली रे?" रावजीने विचारलं.

"आत दवाखान्यात. दोनदा हाका मारल्या, काका. कोण यायलाच तयार नाय."

मालक दारात आणि त्याची माणसं आत! रावजी धावतच बांधून झालेल्या हॉलमध्ये शिरला.

तीसेक माणसं भिंतींच्या कडेने फरशीवर गाढ झोपली होती. गमछ्याची उशी केलेली, बूट दाराशी काढलेले. वर पंखा नव्हता, एसी तर अजून आलाच नव्हता. कोणीतरी घोरत होतं.

रावजी पहिल्याच्या खांद्याला हात लावणार, तोच मागून साहेबांनी त्याचं मनगट धरलं.

"सोने दो."

मग त्यांनी भिंतीवर तळवा टेकवून पाहिला. भक्तीने थर्मामीटर पुढे केला. चौतीस. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"किसने बनाया?" त्यांनी हळूच विचारलं.

"या रावजीकाकांनी," भक्ती भरात मराठीतच बोलून गेली. मग तिने नुसतं बोट दाखवलं.

साहेबांनी रावजीकडे नीट पाहिलं. "बाकी भी ऐसाच बनाओ. ग्लास खलास." कोणाची झोप मोडू नये म्हणून ते चवड्यांवर चालत बाहेर गेले.

भक्तीचे डोळे भरून आले होते. "काका, तुम्हीपण टेका ना जरा. सकाळपासून उभे आहात."

रावजीने जोडे काढले. उजवीकडच्या भिंतीजवळ गेला, तिथे माणसं. डावीकडे गेला; तिथेही. पार टोकापर्यंत जाऊन आला. गार भिंतीला पाठ लावायला वीतभर जागासुद्धा कोणी ठेवली नव्हती.

"बघा मॅडम," तो मिशीत हसत कुजबुजला, "बांधणाऱ्यालाच जागा नाय."

आणि हॉलच्या मधोमध त्याने ऐसपैस बसकण मारली.