सुट्टीच्या दिवशी नेल गन

ठक्. ठक्. फुस्स.

खिळा पुन्हा अडकला, तेव्हा रामकृष्ण मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. सहा वर्षं, शेकडो दारं-कपाटं, पण ही हवेवरची नेल गन कधी कुरकुरली नव्हती. आज खंडेनवमीला, हत्यारांना सुट्टी असताना बाहेर काढली, तर फुगून बसली.

"मिस्त्री, उद्या दसऱ्याला माझ्या दवाखान्याचं उद्घाटन आहे," दातांच्या डॉक्टर सबनीसबाई म्हणाल्या. "आणि भिंतीवरच्या पट्ट्या अजून लोंबताहेत."

"म्हणून तर सकाळी घाईघाईनं पूजा उरकून आणली ना हिला! तेल घातलं, खिळे बदलले, कंप्रेसर बघितला. आता काय हिच्या पाया पडू?"

ठक्. फुस्स.

मिस्त्री गन आपटणारच होते. बाईंनी ती काढून घेतली. "आधी हवेची नळी काढा. आणि बॅटरी धरा." खिळे सुटतात त्या तोंडाशी त्यांनी छोटा आरसा धरला, मग बारीक चिमटा आत घातला. "हं, इथे काहीतरी रुतलंय."

चिमट्याच्या टोकाला तांदळाचा दाणा आला. कुंकवानं लाल झालेला.

मिस्त्रींनी तो लगेच ओळखला. सकाळी मूठभर अक्षता त्यांनीच टाकल्या होत्या, त्याही थेट गनच्या तोंडावर. नळी परत जोडून त्यांनी गन पट्टीला लावली.

ठक्. ठक्. ठक्. ठक्. पट्टी भिंतीला घट्ट बसली.

"बाई," मान वर न करता मिस्त्री म्हणाले, "तुमच्या हत्यारांची पूजा कराल तेव्हा अक्षता जरा लांबूनच टाका."