सोबतीचं वाचन

“तक्रार करायला नाही बोलावलं तुम्हाला,” बाई म्हणाल्या, तरी आईचा जीव थाऱ्यावर येईना. दवाखान्यातली पाळी संपवून ती नर्सच्या गणवेशातच धावत आली होती. तिसरीच्या रिकाम्या वर्गात, बुटक्या बाकावर ती मुलीशेजारी अंग चोरून बसली. मुलीला पुन्हा याच वर्गात बसवणार, असं तिनं वाटेतच गृहीत धरलं होतं.

बाईंनी गोष्टीचं पुस्तक दोघींच्या मधे उघडलं. “दोघींनी एकदम वाचायचं, मोठ्यानं. आपलं आपल्याला जमेल असं हिला वाटलं, की ही तुम्हाला कोपरानं ढोसेल. मग तुम्ही गप्प.”

“आणि चुकली तर?”

“थोडं थांबायचं. नाहीच जमलं तर शब्द सांगून पुढं जायचं. बास.”

“अहो, घरी मी रोज तासभर हिला घेऊन बसते.”

“आणि तासभर आम्ही दोघी रडतो,” मुलगी म्हणाली.

वाचन सुरू झालं. आईचा आवाज पुढं, मुलीचा मागून फरफटत.

“तिच्या चालीनं,” बाई हळूच म्हणाल्या.

आईनं वेग कमी केला. हळूहळू आवाज जुळले. अर्धं पान झालं नाही तोच आईच्या बरगडीत कोपर बसलं. ती एकदम थांबली.

मुलगी एकटीच वाचू लागली. “अस्वल… न्हा…” ती अडली. आईचे ओठ विलग झाले, पण तिनं ते मिटून घेतले. मुलीनं अंगठ्यानं शब्दाचं शेपूट झाकलं. “न्हा… न्हाव्या…” अंगठा सरकला. “न्हाव्याच्या! न्हाव्याच्या खुर्चीत बसलं!” आणि ती अडखळत, सावरत थेट पानाच्या तळाशी पोचली. तिथं तिला फिस्सकन हसू फुटलं.

आई बघतच राहिली. पुस्तक समोर असताना पोरगी कधी हसली नव्हती.

“तुला नाही आलं हसू?” मुलीनं विचारलं.

आईला काही आठवेना. काना, मात्रा, वेलांटी, सगळं तिनं कान टवकारून ऐकलं होतं. गोष्ट तेवढी राहून गेली होती.

“लक्ष नव्हतं गं माझं. काय झालं?”

“नीट ऐक हं आता.” कपाळाला आठी घालून मुलीनं बोट वर नेलं. “अस्वल म्हणालं, फक्त मिश्या कापा. न्हावी म्हणाला, आधी त्या कुठं सुरू होतात ते दाखवा!”

आई इतकी हसली, की मुलीला पुढचं वाचायला थांबावं लागलं.