मुठीचं माप

सातव्या नंबरला मिस्त्रींची बायको आत आली.

मिस्त्री भिंतीशी उभे होते, हातात माप घ्यायचा वर्निअर. ब्रशच्या कारखान्यात साचे करण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. नव्या डिझायनर मुलीने आज हात आखडलेल्या माणसांना बोलावलं होतं, त्यांना दातांचा ब्रश कसा धरता येतो ते बघायला. टेबलावर ब्रशच्या वेगवेगळ्या जाडीच्या मुठी मांडल्या होत्या, प्रत्येकीवर मऊ मातीचा थर. माणसाने मूठ धरायची, मिस्त्रींनी हाताचं आणि ठशाचं माप घ्यायचं. त्यांना हे काही पटत नव्हतं. सगळ्यांच्या हातात बसेल अशी मूठ त्यांनी कधीच करून ठेवली होती. लोकांनी ती नीट धरायला शिकावं, एवढंच त्यांचं म्हणणं. सहाव्या नंबरच्या आजोबांनी सगळ्यात जाड मूठ उचलून, ही दात घासायला की भिंत रंगवायला, असं विचारलं तेव्हा सगळ्यात जास्त मिस्त्रीच हसले होते.

बायको दारातच थबकली. दवाखान्यातल्या फळ्यावरची सूचना वाचून तिने नाव दिलं होतं. कारखाना कुठला ते तिला माहीत होतं. पण हे खाली वर्कशॉपमध्ये असतात, वर कशाला येतील, असं तिने धरलं होतं. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसली. ओळख दाखवली नाही. मग त्यांनीही नाही.

मुलगी कागदावरचे प्रश्न एकेक करून विचारत गेली आणि बायको शेजारणीबद्दल सांगावं तसं सांगत गेली. सकाळी बोटं मिटत नाहीत. ब्रश दोन्ही तळव्यांत धरते आणि मानच हलवते. मागच्या दाढांपर्यंत पोचत नाही. त्यातल्या दोन गेल्या. ब्रश कुठला वापरता, असं मुलीने विचारलं.

“तुमचाच. ब्रश चांगला आहे हो. माझा हातच मेला वळत नाही.”

त्या दोन दाढा मिस्त्रींना चांगल्याच माहीत होत्या. घरी पाहुणे आले की ते सांगायचे, आमच्या हिने गोड खाऊन खाऊन दोन दाढा घालवल्या, कारखान्याची अब्रू काढली. पाहुणे हसायचे. तीही हसायची, तोंडावर हात धरून.

मग पेस्टच्या झाकणाचा प्रश्न आला. झाकण आपण उघडंच ठेवतो, असं ती म्हणाली. पण घरात ते चालत नाही, कोणीतरी परत घट्ट लावून ठेवतं. मग दातांनी उघडावं लागतं. तिने ओठ जरा वर करून पुढच्या दाताचा उडालेला टवका दाखवला. मुलीने वाकून पाहिलं आणि लिहून घेतलं.

मिस्त्रींना बेसिनवर उघडी पडलेली ट्यूब आठवली. रोज सकाळी ती दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. साधं एक झाकण लावायला असं कितीसं लागतं? ते झाकण लावायचे आणि शेवटचा आटा बसेपर्यंत पिळायचे. साच्याचे बोल्ट आवळायची सवय होती हाताला. सुरुवातीला एकदा ती काहीतरी म्हणाली होती. पुढे बोलायची थांबली, तेव्हा चला, शिस्त लागली, असं त्यांना वाटलं होतं.

घरी कोणाला सांगितलं नाहीत का, मुलीने विचारलं.

“सांगितलं होतं. सवय करून घे म्हणाले.”

“पण काकू, एवढं घट्ट लावतं तरी कोण?”

तिने टेबलावरची एक मूठ उचलली, पुन्हा जागेवर ठेवली. बाहेर बाकावर कोणीतरी खोकलं. मिस्त्रींना गप्प राहता आलं असतं. ती आपलं नाव काढणार नाही, हे तिच्या खाली गेलेल्या मानेवरूनच त्यांना कळलं होतं.

“मी लावतो,” मिस्त्री म्हणाले.

मुलगी पेन हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिच्याकडे. कळल्यावर तिने मान कागदात घातली. शेवटी बायकोनेच तिला सोडवलं. माप घेऊन टाका, मागे चार जण खोळंबलेत, असं ती म्हणाली.

मिस्त्री टेबलापाशी येऊन गुडघ्यावर बसले. तिने मधल्या जाडीची मूठ धरली. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. मातीत अंगठा उमटला, करंगळी उमटलीच नाही. पोलादात केसभर फरक असला तरी मिस्त्रींच्या नजरेतून सुटत नाही, असं कारखान्यात सगळे म्हणायचे. सांधे गाठीसारखे सुजलेले होते. तर्जनी एका बाजूला कलली होती. याच हाताने पुढे केलेला चहा त्यांनी आज सकाळी घेतला होता.

मुलीने आकडा विचारला. त्यांनी वर्निअर लावला, पण त्यावरच्या रेघा दिसेनात. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा लावून आकडा सांगितला आणि मुलीने तो लिहिला. तरी त्यांनी बायकोचा हात सोडला नाही.

“दुखतं का?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं नाही. टेबलापलीकडच्या मुलीकडे वळून तिने विचारलं,

“हाही प्रश्न कागदावर आहे का?”