शिळी बातमी

शेजारच्या दीर्घिकेचे दोन फोटो, एक दहा वर्षांपूर्वीचा आणि एक परवाचा, ती पडद्यावर आलटूनपालटून लावत होती. जुन्या फोटोतले कडेचे हजारो तारे नव्या फोटोत नव्हते. मध्ये धूळ आली असेल म्हणून तिने सगळ्या परींनी पडताळून पाहिलं, पण तारे झाकले गेले नव्हते, विझले होते. आणि विझण्याची ती लाट सरळ आपल्या दिशेने सरकत होती.

उद्यापासून तिची बाळंतपणाची रजा. सर चहाचा कप घेऊन तिला निरोप द्यायला आले, तर ही अजून पडद्याला डोळे लावून बसलेली. तिने सगळं सांगितलं तसे ते हसले.

“अगं, हा प्रकाश तिथून निघाला त्याला पंचवीस लाख वर्षं झाली. इतक्या शिळ्या बातमीला कुणी घाबरतं का? घरी जा, पाय वर करून बस. बाळाचं नाव ठरलं की नाही अजून?”

“दोन ठरलीत. घरात त्यावरूनच भांडण चाललंय.” तिने पडदा बंद केला. “सर, मी लाटेचा वेग काढलाय.”

“किती?”

“प्रकाशापेक्षा नखभर कमी.”

सरांनी कप टेबलावर ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून बसले.


“बातमी आणि लाट तिथून एकदमच निघाल्यात,” ती म्हणाली. “बातमी पोचली.”