टायवाल्याची फी

"टायवाले आले," सुनेने आतल्या खोलीकडे तोंड करून सांगितलं. "अगदी वेळेवर. फी घ्यायला कोण उशीर करतो?"

सासूने ऐकलं आणि सोडून दिलं. केसांवरून हात फिरवत ती बाहेर आली आणि टेबलाच्या टोकाला, आपल्या खुर्चीत बसली. नवरा गेल्यापासून दोन गोष्टींना तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. एक ही खुर्ची, दुसरा त्याच्या पैशांचा विषय.

त्या पैशांचा सल्लागार दर तीन महिन्यांनी यायचा. उतारवयाकडे झुकलेला, थकल्या चेहऱ्याचा माणूस. गळ्यात टाय असा आवळलेला, की बघणाऱ्याचा जीव घुसमटावा. सून आधी त्याला माघारी टायवाला म्हणायची. आता तोंडावर म्हणायची.

"चहा घ्या," तिने कप आपटला. "आमच्याकडे चहाला फी नाही."

मुलगा हात पुसत येऊन बसला. फ्रीज दुरुस्तीचं काम. कितीही धुतले तरी नखांतलं काळं जात नव्हतं.

"आई, गाळ्याचा मालक गाळा विकतोय," तो म्हणाला. "महिनाअखेरपर्यंत मी घेतला नाही, तर दुसरा तयार आहे. मग मी माझं सामान घेऊन कुठे बसू? बाबांच्या पैशांतले थोडे काढून दे."

"मला काय विचारतोस? यांना विचार. त्यासाठीच तर फी देते."

सल्लागाराने चहाकडे बघत घसा साफ केला. "आत्ता काढणं बरोबर नाही. बाजार पडलेला आहे. मुदतही पुरी व्हायची आहे. आत्ता मोडले तर मोठं नुकसान होईल."

"मागच्या खेपेला बाजार चढला होता," सून म्हणाली, "तेव्हा म्हणालात, चढत्या बाजारातून कशाला काढायचे. आता पडलाय, म्हणून नाही. मग काढायचे कधी, बाजार झोपल्यावर? एवढं तर मीही सांगितलं असतं. टाय न लावता."

मुलाला हसू आलं, ते त्याने कपात लपवलं.

"तू सांगितलं असतंस, ठाऊक आहे मला," सासू म्हणाली. "फुकटचा सल्ला द्यायला सगळं जग बसलंय. तुझ्या सासऱ्यांनाही त्यांच्या मित्राने फुकटच दिला होता."

"कसला सल्ला?" मुलाने विचारलं.

तिने पदर सारखा केला. "दाताचा. कुठल्या तरी डॉक्टरकडे पाठवलं. चांगला दात काढून आले."

"आणि आई, तुमचं कानातलं कुठे गेलं?" सुनेने विचारलं.

"काढून ठेवलंय. कान दुखतो."

"दोन्ही?"

"मला दोनच आहेत."

मुलाने खुर्ची पुढे ओढली. आवाज खाली आणला. "आई, कधी ना कधी ते माझ्याकडेच यायचेत. मग आज दिलेस तर काय बिघडतं? नंतर गाळा मिळणार नाही."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या घराच्या दारात कपडे वाळत होते.

"त्या घरातल्या बाईने नवऱ्याचं होतं नव्हतं ते पोरांना देऊन टाकलं," ती म्हणाली. "सुरुवातीला भाजी आणायची तरी तिला विचारून आणायचे. आता तिची खाट जिन्याखाली आहे. येता-जाता तिच्या अंगावर चपला काढतात."

"आम्ही तसे आहोत का?"

"तसं कुणीच नसतं. आधी."

मुलगा टेबलाकडे बघत राहिला. मग "बरं," म्हणाला आणि उठला. हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. "आहे तोवर दुकान उघडतो," म्हणाला आणि गेला. जाताना दारही त्याने हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

सून कप उचलून आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला, तशी सासूने रुमालाची गाठ सोडली. घडी घालून घालून मऊ झालेल्या नोटा तिने सल्लागारापुढे सरकवल्या. त्याने त्या न बघता खिशात घातल्या.

"पुढच्या खेपेलाही या," ती म्हणाली. "टाय लावून या."

"येईन."

"थांबा, मला कचरा टाकायचाच आहे," सून आतून आली. "तुम्हाला खालपर्यंत सोडते. नाहीतर रस्ता दाखवल्याचीही फी लावाल."

सासूने मान फिरवली. या बाईची जीभ म्हणजे सुरी होती, आणि ती सुरी ओळखीची वाटायची. तरुणपणी तिची स्वतःचीही अशीच होती.

जिन्याच्या खालच्या वळणावर सून थांबली. वरचं दार बंद असल्याची तिने खात्री केली. कचऱ्याची पिशवी खाली ठेवली आणि कमरेला खोचलेलं पाकीट काढून सल्लागाराच्या हातात दिलं.

"यापुढे त्यांना अर्धीच फी सांगा. उरलेली मी देत जाईन."

सल्लागार गोंधळला. "पण तुम्ही तर वर या फीवरूनच..."

"सासरे जाण्याआधी आम्हा दोघांना जवळ बसवून सगळं सांगून गेले. मित्राच्या नादाने सगळं बुडालं, काही उरलं नाही. हे फक्त आपल्यालाच माहीत आहे असं तुमच्या आईला वाटतं, तसंच वाटू द्या, म्हणाले."

सल्लागाराचा हात टायच्या गाठीकडे गेला.

"मग आज तुमच्या मिस्टरांनी गाळ्यासाठी मागितले, ते?"

"गाळा तर जाणारच आहे," सून म्हणाली आणि कचऱ्याची पिशवी उचलली. "पण मागायचं थांबवलं, तर आईंना कळेल."