आठव्या भागाची डीव्हीडी

ललित चार वर्षांनी काल अमेरिकेहून धानोऱ्याला आला. मुलीसाठी त्यानं कार्टूनची डीव्हीडी आणली होती, पण घरच्या जुन्या प्लेअरवर ती लागेना. दुपारी त्यानं मला बोलावून घेतलं आणि तो आत जेवायला बसला.

भाविका माझ्याजवळ सरकून बसली. कालपासून ती बापाजवळ गेलीच नव्हती. मूल बुजतं, असं मी तिच्या आजीला समजावलं होतं.

“डीव्हीडीवाल्यांनी जगाचे भाग पाडलेत,” मी तिला सांगितलं. “अमेरिका एक, आपण पाच. दुसऱ्या भागाची डीव्हीडी आपला प्लेअर घेत नाही.”

रिमोटनं मी प्लेअरचा भाग पाचवरून एकवर आणला. चालली नाही. दोन, तीन करत पुढे गेलो. आठवर चित्र आलं.

“गुरुजी, आठ नंबरना देश कोन्ता शे?”

“तो देश नाही, बाळा. विमानं, जहाजं. जे अजून वाटेत आहेत, त्यांचा भाग.”

पडद्यावर कार्टून नव्हतं. विमानाच्या खिडकीशी ललित बसला होता. मांडीवर भाविकाचा फोटो धरून तो सारखा घड्याळ बघत होता. पडद्याच्या कोपऱ्यात आजची तारीख आणि आत्ताची वेळ होती.

स्वयंपाकघरातून ललितचा आवाज आला, “लागनी का, गुरुजी?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच भाविकानं त्यावर हात दाबून धरला.