पहिल्या खुर्चीतली दाढी

मुलाने वस्तरा पट्ट्यावर फिरवायला घेतला आणि थांबेचना. दहा वेळा पुरतं. तो विसाव्या वेळेला पोचला तेव्हा पहिल्या खुर्चीत, गालभर फेस घेऊन बसलेला म्हातारा म्हणाला, "धार वस्तऱ्याची गेलीय की तुझी?"

बाकावरचे चौघे हसले. सुट्ट्या संपल्यावरची पहिली सकाळ. चार-चार दिवसांच्या दाढ्या घेऊन माणसं दुकान उघडायच्या आधीपासून उभी होती, पण आता कुणालाच घाई नव्हती. फुकटचा तमाशा सोडून कोण जातो?

दुकानाची एक रीत होती. पहिली खुर्ची ज्याच्याकडे जायची, त्याने त्या दिवशी सर्वांत आधी मालकाची दाढी करायची. उघड्या वस्तऱ्याने, गिऱ्हाइकांदेखत. रक्ताचा ठिपका दिसला की खुर्ची गेली. म्हाताऱ्याने आपल्या बापाची अशीच केली होती. आज त्याच्या मुलाची पाळी होती, आणि मुलाने ती खुर्ची मिळण्याचा आनंद आदल्या संध्याकाळीच मित्रांबरोबर साजरा करून टाकला होता.

सकाळपासून त्याने दोन लिंबं पिळून प्यायली होती, तीनदा डोकं नळाखाली धरलं होतं, एकदा ओकून आला होता. जमेच्या बाजूला एवढंच. दुसऱ्या बाजूला त्याचा उजवा हात होता.

"बाबा, उद्या करू. डोकं ठणकतंय."

"डोकं माझं ठणकतंय. जिन्यात बसून गाणी कोण म्हणत होतं?"

"सुट्टी होती."

"मलाही होती. मी प्यायलो? कर."

दुसऱ्या खुर्चीवरच्या कारागिराला सगळे टकल्या म्हणत. इतरांचे केस कापण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. तो कात्री थांबवून म्हणाला, "धाकटे मालक, श्वास जरा तिकडे सोडा. नाहीतर मालकांना चढायची."

मुलाने त्याच्याकडे असं पाहिलं की टकल्या पुन्हा कामाला लागला.

डावा गाल साफ झाला. हनुवटीची कडही झाली. बोट फिरवून बघावं अशी झाली होती, हे बाकावरच्यांनाही कळलं. मग वस्तरा गळ्याशी आला आणि हात थरथरायला लागला. पातं कातडीपासून बोटभर वर होतं आणि हवेतच नाचत होतं. आरशात ते सगळ्यांना दिसलं. बाकावर कुणी हसलं नाही.

म्हाताऱ्याने मान आणखी मागे टाकली. "थांबलास का?"

"हात हलतोय, बाबा."

"हलू दे. तीन पिढ्यांची खुर्ची आहे. तुझ्या मित्रांनी पाजली म्हणून ती थांबायची नाही. कर."

"नाही करत." मुलाने वस्तरा मिटून फळीवर ठेवला. "घाला तुमची खुर्ची चुलीत. मी तुमचा गळा कापणार नाही."

म्हातारा उठला. गळ्याभोवतीचा टॉवेल त्याने ओढून फेकला, तो टकल्याच्या खांद्यावर पडला. टकल्या पुढे झाला, "मालक, उरलेली मी उरकतो."

"तू तुझी खुर्ची सांभाळ."

म्हाताऱ्याने फळीवरचा पेला उचलला, नळाखाली काठोकाठ भरला आणि मुलाच्या उजव्या हातात कोंबला. "धर. पाणी हलायचं थांबलं की मला हाक मार."

मग स्टूल घेऊन तो दारात जाऊन बसला. अर्धा चेहरा चकचकीत, अर्ध्यावर फेस.

येणारा प्रत्येक जण विचारायचा, आणि म्हातारा प्रत्येकाला, आवाज जराही खाली न आणता, सांगायचा. समोरची शिंपीण म्हणाली, "काय हो, अर्धीच?"

"मुलगा आत दारू उतरवतोय. उतरली की बाकीची."

असं त्याने नऊ जणांना सांगितलं. आत मुलगा दात आवळून उभा होता. दर खेपेला पाणी काठावरून सांडत होतं. टकल्या येता-जाता पेला पुन्हा काठोकाठ भरायचा, मालकांचा हुकूम म्हणून. हात आता दारूने हलतोय की रागाने, हे मुलालाही सांगता आलं नसतं.

दुपार झाली. टकल्या एकट्याने गर्दी उरकत होता. पहिली खुर्ची रिकामी होती. मुलाजवळून जाताना तो कुजबुजला, "हो म्हणून टाका ना. त्यांची पाठ आहे इकडे. काय कळतंय?"

तेवढ्यात दारातून, मान न वळवता, प्रश्न आला. "थांबलं का?"

मुलाने पेल्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नाही."

म्हाताऱ्याच्या गालावर फेस वाळून पापुद्रे सुटले होते. बाकावरचा एक जण कंटाळून उठला आणि सरळ पहिल्या खुर्चीत जाऊन बसला.

म्हातारा स्टुलावरून वळला. "उठा तिथून," तो खेकसला. "त्या खुर्चीचा माणूस कामात आहे."